बाण

अकराशे चाळीस बुश नापास झाले
म्हणून शिरोलीहून मला रॉकफर्डला धाडलं.
तीन विमानं, एक बस, आणि बॅगेत
मुलाच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेलं प्लग गेज.
शिकागोच्या कस्टमवाल्या पोराने विचारलं, हे कशाला?
म्हटलं, भोक मोजायला.
तो हसला.
माझी नोकरी त्या भोकावर होती,
मी हसलो नाही.

गोदामात पहिली पेटी उघडली
आणि आमचा शॉप फ्लोअर भसकन बाहेर आला:
गंजरोधक तेल, किलतान,
शालनबाईंच्या मिश्रीचा वास असेल किंवा नसेल,
पण मला आला.
पेटीवर त्यांनी निळ्या खडूने लिहिलं होतं 'वर',
शेजारी बाण.
बाण जमिनीकडे बघत होता.
न्हावाशेव्यापासून इलिनॉयपर्यंत
पेटी शीर्षासनात आलेली.

वेंडेल, गोदामातला जुना माणूस,
एकाच कानाने ऐकणारा,
त्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, हे काय आहे?
इंग्रजी सुचेना, मी नुसता हात आभाळाकडे केला.
त्याला वाटलं देवाचं नाव.
त्याने टोपी काढली.
मी खुलासा केला नाही.

तीन दिवस मोजत होतो.
गेज शिरेना म्हणजे शिरेचना.
चार-साडेचारला अंधार पडायचा.
मोटेलसमोर एक बंद कारखाना,
खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या.
इथेही कुणी बुश घडवले असतील,
कुणी ते नापास केले असतील,
आणि रागारागाने दोघं एकाच टेबलावर जेवले असतील.
रात्री घरी फोन लावायचा. तिकडे सकाळ.
हेमा विचारायची, जेवलास का?
हो. मक्याचं सूप.
काल पण तेच ना?
परवा पण.
मुलाने फोन ओढून घेतला, बाबा, अमेरिका कशी आहे?
थंड आहे, म्हटलं. आणि भोकं लहान आहेत.

चौथ्या दिवशी वेंडेल म्हणाला,
तुझं गेज रात्री तुझ्या खोलीत हीटरपाशी झोपतं.
आमच्या इन्स्पेक्टरचं ऑफिसात, उबेत.
बुश मात्र इथे कुडकुडतात.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.
सगळं वीस अंशांवर मोजायचं असतं,
हे मी बावीस वर्षं नव्या पोरांना
फळ्यावर लिहून शिकवत आलोय.

पेट्या ढकलत जेवणघरात नेल्या.
गेजही त्यांच्याबरोबरच ठेवलं, रात्रभर.
सकाळी पहिल्या बुशात ते शिरलं,
स्वतःच्याच वजनाने, तेलातून, आवाज न करता.
वेंडेलने मांडीवर थाप मारली.
एकतीस मात्र खरोखरच वाईट निघाले.
ते आमचे.
ते मी वेगळे बांधले आणि खाली सही केली.

घरी आलो. पहाटे तीनला टक्क जागा,
दुपारी ताटावर पेंगणारा.
हेमा सांगत होती, गॅसचा नंबर, क्लासची फी,
जावेच्या नातवाचं बारसं,
आणि काहीच आत जात नव्हतं.
झालंय काय तुला?
काही नाही. राहू दे मला असाच दोन दिवस.
तिला काय समजलं कोण जाणे,
तिने उठून पंखा बंद केला.

सोमवारी पॅकिंगला गेलो.
बाई, तुमचा बाण उलटा पोचला हो अमेरिकेत.
हातातला खडू न थांबवता शालनबाई म्हणाल्या,
मग पेटी सुलटी करून घ्यायची की त्येनी!
आणि पुढच्या पेटीवर लिहिलं, वर.

टोपीचं सांगणार होतो.
तेवढ्यात ट्रक मागे घ्यायला लागला,
आम्ही दोघंही बाजूला झालो.